वाळूच्या गावी, समुद्राच्या पाण्यात

शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई हे आमचे गाव. गावाच्या अंगाने भीमा वाहते आणि पलीकडच्या काठाला दौंड तालुका लागतो. थोडे वरच्या अंगाला रांजणगाव सांडस येथे मुळा-मुठा भीमेला मिळते. त्यामुळे अख्ख्या पुण्याचे पाणी आमच्या दारावरून जाते. उन्हाळ्यात नदीवर जलपर्णीची हिरवी गोधडी पसरते, खाली पाणी आहे की जमीन हे कळत नाही. दोन्ही काठांना ऊस आणि उसात बिबट्या. असा हा आमचा मुलूख.

नदीकाठी राहूनही आमच्या घरात कोणाला पोहता येत नाही, हे सांगितले तर बाहेरच्याला खरे वाटणार नाही. त्याला कारण आहे. आमच्या घरातील आत्या नवऱ्याच्या पश्चात माहेरीच राहतात. त्यांचा एकुलता मुलगा नववीत होता. पोरांबरोबर नदीला गेला. जिथे आदल्या वर्षी गुडघाभर पाणी होते तिथेच त्याने उडी मारली. पण मधल्या काळात तळाची वाळू उपसून नेलेली होती. वाळू गेली, खड्डा राहिला, आणि खड्ड्यावर पाण्याने झाकण घातले. त्या दिवसापासून आत्यांनी नदीकडची वाट सोडली. आमची धाकटी तेव्हा पाळण्यात होती. ती मोठी होत गेली तसा घरात एकच कायदा झाला: पाण्याजवळ जायचे नाही. कॅनॉलवर नाही, विहिरीवर नाही, नदीवर तर नाहीच. आम्हीही तो मोडला नाही. ज्या माऊलीचे लेकरू गेले तिच्यापुढे बोलणार कोण?

गेल्या फेब्रुवारीत आम्हाला श्रीलंकेला जाण्याचा योग आला. आमच्या भागातील काही कुटुंबांनी मिळून तीन वर्षे भिशी लावली होती. कोणी कंपनीत कंत्राटी, कोणी अंगणवाडी सेविका, कोणी एस.टी.तून निवृत्त. घरात पैसा साठत नाही, पण भिशीत साठतो, हा अनुभव आपल्या सर्वांचा आहे. आम्ही म्हणजे आम्ही दोघे, आमची सतरा वर्षांची धाकटी आणि आत्या. पहाटे पारगावचा पूल ओलांडून केडगाव स्टेशन गाठले, तेथून मुंबई, आणि मुंबईहून विमानाने कोलंबो. विमानात आत्यांनी खिडकीकडची जागा नाकारली. खाली समुद्र होता ना!

अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहिला. त्याची फांदी संघमित्रा थेरीने भारतातून नेली, हे आपल्या घरातील लहान पोरांनाही ठाऊक असते. कँडीचे दंतधातू विहार पाहिले. मे १९५० मध्ये बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब माईसाहेबांसह याच देशात आले होते, हे आठवून आमच्यातील म्हातारी माणसे गहिवरली. या सर्वांविषयी पूर्वी पुष्कळ लिहिले गेले आहे. म्हणून आज आम्ही यात्रेच्या शेवटच्या दोन दिवसांचे सांगणार आहोत. ते दोन दिवस आमच्या कार्यक्रमपत्रिकेत केवळ ‘समुद्रकिनारा व विश्रांती’ एवढेच लिहिलेले होते.

कोलंबोच्या फोर्ट स्टेशनवरून दक्षिणेला जाणारी आगगाडी समुद्राला इतकी चिकटून जाते की दारात उभे राहिले तर तोंडावर तुषार येतात. आत्या मधल्या बाकावर पाठ करून बसल्या. हिक्कडुवाच्या अलीकडे पेरलिया नावाचे गाव लागते. २६ डिसेंबर २००४ रोजी, पौर्णिमेच्या उपोसथाच्या दिवशी, सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा या किनाऱ्यावर चढल्या. याच रुळांवरची भरलेली गाडी त्यांनी उलथवली. त्या एका गाडीत हजारांहून अधिक माणसे गेली आणि सगळ्या श्रीलंकेत तीस हजारांहून अधिक. पेरलियाजवळ आता बामियानच्या मूर्तीच्या धर्तीवर घडवलेली भगवान बुद्धांची उंच मूर्ती उभी आहे, ती जपानच्या साहाय्याने उभारली. गाडीतले लोक क्षणभर गप्प झाले, काहींनी हात जोडले. आत्यांनी तेवढ्यापुरती मान वळवली, आणि पुन्हा पाठ केली.

गॉल मागे टाकून आम्ही वेलिगामा येथे उतरलो. या नावाचा अर्थ विचारला तर कळले की ‘वेली’ म्हणजे वाळू आणि ‘गम’ म्हणजे गाव. वाळूचे गाव! आमच्या भीमेची वाळू ट्रकांत भरून गेली, आणि येथे मात्र अर्ध्या चंद्रासारख्या वळणाने मैलभर वाळू जागच्या जागी पसरलेली.

किनाऱ्यावर पाहावे तिकडे रंगीत फळ्या उभ्या केलेल्या. माणसे त्या फळ्या घेऊन पाण्यात जात होती, त्यांवर पालथी पडत होती, आणि लाट आली की ताडकन उभी राहून किनाऱ्याकडे सरकत येत होती. याला सर्फिंग म्हणतात, हे आमच्या धाकटीला मोबाइलमुळे ठाऊक होते. हा खेळ मूळचा पॅसिफिक महासागरातील हवाई व आसपासच्या बेटांवरच्या लोकांचा. एकोणिसाव्या शतकात तेथे आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांना तो आवडला नाही आणि तो बराच मागे पडला. पुढे त्याच मातीतील ड्यूक कहानामोकू या जलतरणपटूने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवले आणि देशोदेशी जाऊन आपल्या पूर्वजांचा हा खेळ लोकांना दाखवला. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, तो प्रथमच ऑलिंपिकचा खेळ झाला. ज्याला इतरांनी रिकामटेकडेपणा म्हटले तो त्या लोकांनी सोडला नाही, हे आम्हाला फार आवडले.

“मला शिकायचंय,” धाकटी म्हणाली.

“न्हाय,” आत्या म्हणाल्या. “एवढ्या लांब काय पोरगी बुडवायला आणलीया व्हय?”

धाकटी सहसा उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलली. “आत्या, दादा गेला तो पोहता येत नव्हतं म्हणून. पाण्याजवळ गेला म्हणून नाही. मला कोणी कधी शिकवलंच नाही. उद्या कॉलेजच्या सहलीत पाय घसरला तर तुमचा कायदा मला वर काढणार आहे का?”

आम्हाला वाटले, आता येथेच रडारड होते. आत्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि वाळूत बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “त्या मास्तरला हिकडं बोलवा. मला बघूंदे कसला हाय.”

मास्तर म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, उन्हाने काळा तुकतुकीत झालेला कोळ्याचा मुलगा. परदेशी पाहुण्यांच्या संगतीने मोडके इंग्रजी आणि थोडे हिंदी बोलत होता. आत्यांना त्याने ‘अक्का’ म्हणून हाक मारली. सिंहलीतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. आत्या जरा सैल झाल्या. मग तो धाकटीकडे वळून हसत म्हणाला, “नंगी, कम!”

आत्या ताडकन उभ्या राहिल्या. “काय म्हनला रं ह्यो?” चप्पल हातात येण्याच्या बेतात होती. भोवतीची चार माणसे धावली, त्या पोराने दोन्ही कान धरले आणि उलगडा झाला. सिंहलीत ‘नंगी’ म्हणजे धाकटी बहीण! हसून हसून आमच्या पोटात दुखू लागले. शेवटी आत्याही हसल्या. नदीच्या आठवणीनंतर पाण्याच्या काठावर त्यांना हसताना आम्ही प्रथमच पाहिले.

मास्तरने पहिला प्रश्न केला, “पोहता येते का?” धाकटीने मान हलवली. त्याने फळी खाली ठेवली आणि म्हणाला, मग आपण कमरेच्या पाण्यापलीकडे जायचे नाही, आणि मी फळीचा हात सोडायचा नाही. दीड तासाचे आपले हजारएक रुपये ठरले. आमच्याकडे खुरपणीची ती जवळजवळ तीन दिवसांची मजुरी. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आत्यांनी कमरेची पिशवी सोडली. “मी देते,” म्हणाल्या.

पहिला अर्धा तास सगळा कोरड्या वाळूवर गेला. मास्तरने बोटाने वाळूत फळीचे चित्र काढले. त्यावर धाकटीला पालथे झोपवले. पायाची बोटे फळीच्या टोकाशी, छाती वर, हातांनी वाळू मागे ओढायची म्हणजे वल्हवणे. मग दोन्ही तळवे बरगड्यांपाशी टेकायचे, अंग उचलायचे आणि एका झटक्यात पाय खाली घेऊन उभे राहायचे. गुडघे वाकलेले, नजर पुढे. पायांकडे पाहिलेस की पडलीस, हे त्याने दहा वेळा सांगितले. कोणता पाय पुढे, हे ठरवायला त्याने तिला मागून हलकेच ढकलले. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडला, तो तिचा पुढचा पाय. शिकाऊ माणसाची फळी आठ-नऊ फूट लांब आणि वरून मऊ फोमची असते, म्हणजे डोक्यात बसली तरी खोक पडत नाही. फळीची दोरी घोट्याला बांधतात. त्यामुळे माणूस पडला तरी तरंगणारी वस्तू त्याच्यापासून दूर जात नाही.

“आमच्या पोराच्या पायाला अशी दोरी असती तर,” आत्या हळूच म्हणाल्या. आम्ही ऐकले न ऐकलेसे केले.

मग त्याने समुद्र वाचायला शिकवला. लाट दिसते तसे पाणी लांबून चालत येत नाही. उसाच्या शेतावरून वारा गेला की पाचट लवते आणि पुन्हा जागेवर येते, ऊस काही चालत जात नाही, तसेच. दूर दक्षिणेला वादळे होतात, त्यांचा जोर पाण्यातून पुढे पुढे सरकत येतो. या किनाऱ्यापासून दक्षिणेला थेट अंटार्क्टिकापर्यंत जमीनच नाही, त्यामुळे त्याला अडवणारेही कोणी नाही. उथळ पाण्यात आल्यावर लाटेचा पाय तळाला अडतो, डोके पुढे जाते आणि लाट फुटते. फुटल्यावर जो पांढरा फेस किनाऱ्याकडे धावतो, तीच शिकणाऱ्याची शाळा. आणि एक गोष्ट त्याने बजावून सांगितली: समुद्राकडे कधी पाठ करायची नाही. आवडो न आवडो, त्याच्याकडे पाहत राहायचे.

धाकटी पाण्यात गेली. लांब बाह्यांचा शर्ट आणि तुमान, अंग पूर्ण झाकलेले. पहिल्या लाटेला ती फळीवरून सरळ नाका-तोंडात पाणी जाऊन उलटी पडली. आमच्या छातीत धस्स झाले. मास्तरने हाताला धरून उठवले तर पाणी मांडीपर्यंतच! ती खोकली, नाक पुसले आणि पुन्हा फळीवर चढली. दुसरी लाट, तिसरी, चौथी. किती वेळा पडली याचा हिशेब आम्ही सोडून दिला.

काठावर एक बाई कोरा आल्याचा चहा विकत होती, सोबत गुळाचा खडा. आत्यांच्याच वयाची. आत्यांचे डोळे पाण्यावर आणि मुठी आवळलेल्या पाहून तिने न मागता चहा पुढे केला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तिने समुद्राकडे बोट केले, मग हात छातीइतका वर नेला, मग बोटांनी ‘दोन’ दाखवले. जवळच्या एका पोराने मोडक्या हिंदीत सांगितले: त्सुनामीत हिचा नवरा आणि सासू गेली, दुकान गेले. आत्यांनी विचारायला सांगितले की मग ही बया पुन्हा याच्याच काठावर कशी बसते? उत्तर आले, “समुद्राला सोडून गेलो असतो तर खाल्ले काय असते? आता पोरांना पोहायला शिकवतो. पाणी मागे हटताना दिसले की उंचावर पळायला शिकवतो.” आत्यांनीही मग एक बोट दाखवले. हाताने पोराची उंची दाखवली. त्या बाईने आत्यांचा हात धरला आणि दोघी तशाच बसून राहिल्या.

तेवढ्यात ओरडा झाला. धाकटी उभी राहिली होती! फेसाळ लाटेवर, गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून, तोंड उघडे. फार तर चार-पाच श्वास. मग पाण्यात धपकन. पण उभी राहिली होती. आम्ही टाळ्या पिटल्या, चहावाल्या बाईने टाळ्या पिटल्या. आत्या उठल्या, लुगडे घोट्यावर उचलले आणि चालत चालत पाण्यापर्यंत गेल्या. एक लाट येऊन त्यांचे पाय भिजवून गेली. त्या मागे हटल्या नाहीत. धाकटी भिजलेली येऊन त्यांना बिलगली तेव्हा पाणी आत्यांच्या पोटऱ्यांपर्यंत होते.

“आपल्या भीमंचं पानी हितं येत असंल का गं?” त्यांनी विचारले. येत असेलच. भीमा उजनीतून, पंढरपुरावरून कर्नाटकात जाते, कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. त्याच कृष्णेच्या काठी अमरावतीचा स्तूप आणि नागार्जुनकोंडा. नागार्जुनकोंड्याच्या एका शिलालेखात बोधिसिरी नावाच्या उपासिकेने दिलेल्या दानांची नोंद आहे आणि त्यात सिंहल विहाराचाही उल्लेख येतो. म्हणजे दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीही या दोन काठांची ओळख होती.

संध्याकाळी आम्ही गावातील कुष्ठराजगल पाहिले. मोठ्या खडकात कोरलेली ही उंच बोधिसत्त्व मूर्ती. लोककथा अशी की त्वचारोगाने गांजलेला एक राजा येथे तीन महिने केवळ शहाळ्याचे पाणी पिऊन बरा झाला. कथा असो. पण आमच्या धाकटीने त्या खडकासमोर बसून दोन शहाळी रिचवली आणि म्हणाली, “नाकातलं खारं पाणी आता उतरलं!”

पाण्याविषयी आपल्या समाजाला कोणी नवे सांगावे असे नाही. आमच्या थोरल्या आई सांगत, त्या काळी गावोगावी नदी एकच, पण पाणवठे वेगळे. वरचा त्यांचा, खालचा आपला. आमच्या वरच्या अंगाला असलेल्या कोरेगावच्या स्तंभाला बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. पाण्याचा हक्क आपल्याला असा मिळाला. पण हक्क मिळाला म्हणजे पाण्यात उतरता येते असे नाही. पोहणे ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती आपण आपल्या मुलांना, विशेषतः मुलींना, शिकवलेली नाही. कधी भीतीने, कधी ‘लोक काय म्हणतील’ म्हणून, कधी रापून काळी पडेल म्हणून. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर अरुगम बे येथे मुलींना हीच बोलणी ऐकावी लागत. तरीही तेथील बायका-मुलींनी २०१८ साली स्वतःचा सर्फिंग क्लब काढला. आपल्या देशातही चेन्नईजवळ कोवलम गावी मूर्ती मेगवन या मच्छीमार तरुणाने कोळ्यांच्या पोरांना फळीवर उभे केले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मामल्लापुरमच्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाल याने भारतासाठी कांस्यपदक मिळवले. हा केवळ श्रीमंतांचा खेळ आहे असे समजण्याचे कारण नाही.

आम्ही गावी परतलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एके सकाळी आत्यांनी दोर, रिकामा प्लास्टिकचा कॅन आणि गाडीच्या चाकाची ट्यूब अंगणात आणून ठेवली. शेजारच्या मळ्यातील विहिरीवर पट्टीचे पोहणारे एक काका रोज सकाळी पोरांना शिकवतात, त्यांना सांगून आल्या होत्या. धाकटीबरोबर वस्तीतल्या आणखी चार मुली आल्या. पूर्वी पाठीला डबा बांधून शिकवत, आता कॅन बांधतात, एवढाच फरक. दोराचे एक टोक मुलीच्या कमरेला आणि दुसरे थारोळ्यावर बसलेल्या आत्यांच्या हातात. पंधरा दिवसांत कॅन सुटला. आत्यांनी दोर मात्र आणखी आठ दिवस सोडला नाही. आम्हीही त्यांना घाई केली नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, श्रीलंकेला जाणे सर्वांना जमेलच असे नाही, आणि लाटेवर उभे राहिलेच पाहिजे असेही नाही. पण घरातील प्रत्येक मुलाला व मुलीला जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहायला शिकवा. वाळू उपसलेल्या नदीत ओळखीच्या जागीही उडी मारू देऊ नका, कारण गेल्या वर्षीचा तळ यंदा तेथे असेलच असे नाही. समुद्राचा ओढा आत खेचू लागला तर त्याच्याशी झुंजू नये, किनाऱ्याला समांतर आडवे पोहून त्यातून बाहेर पडावे. कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी न घेता दोर, काठी, साडी किंवा रिकामा कॅन फेकावा. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबत बसू नये. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबत राहावी आणि कोणाला तरी ताबडतोब १०८ ला फोन करायला लावावा.

परवा नदीला पाणी आले. पुलावर सगळा गाव पाहायला जमला होता. आत्याही आल्या. कठड्याला धरून बराच वेळ पाण्याकडे तोंड करून उभ्या होत्या.